दोनदा निवडून आलेले, तीनदा पडलेले

आमदारकाका स्वतःची ओळख करून देताना आधी हार सांगायचे. महाराष्ट्रातून काशीयात्रेला आलेली मंडळी आमच्या गल्लीत यायची, कोणीतरी कौतुकाने सांगायचं, की हे इथले आमदार, आपला मराठी माणूस. लगेच काका हात जोडून म्हणायचे, "तीनदा पडलेलो आहे. दोनदा आलो निवडून, पण तो लोकांचा चांगुलपणा." पाहुण्यांना वाटायचं, काय हा विनय! विनय कसला डोंबलाचा! पडलेल्या निवडणुका ते रंगवून रंगवून सांगायचे, आणि जिंकलेल्यांबद्दल विचारलं तर "झालं काहीतरी" म्हणून चहा मागवायचे.

बनारसभर ते 'विधायकजी'. मंगला गौरीच्या देवळाच्या आसपासच्या आमच्या मोजक्या मराठी घरांत मात्र आमदारकाका. इकडे आमदार हा शब्द कोणी वापरत नाही, पण आमच्या घरांनी तो हट्टाने धरून ठेवला होता. मी शाळेत होतो तेव्हा ते पहिल्यांदा उभे राहिले, आणि उमेदवारीचा पर्चा भरला त्याच दिवसापासून आम्ही पोरं त्यांना आमदारकाका म्हणू लागलो. काकू दारातून ओरडायच्या, "अरे मेल्यांनो, आधी होऊ तर द्या!" त्या वेळी काका पडले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांचं घराणं दशाश्वमेधावरच्या तीर्थोपाध्यायांचं. यजमान आला, की गाव आणि आडनाव विचारायचं आणि वहीतून त्याच्या पणजोबाची सही काढून त्याच्यापुढे धरायची, हा पिढीजात उद्योग. काकांनी तो भावावर सोपवला खरा, पण खोड गेली नाही. मतदार यादीसुद्धा ते तशीच वाचायचे. "ह्या सरकारी यादीत नुसतं बापाचं नाव असतं रे. आजोबा नाही, मूळ गाव नाही. माणूस ओळखायचा कसा?" असं म्हणून पेन्सिलीने प्रत्येकाच्या बाजूला आजोबाचं नाव लिहीत बसायचे. प्रचाराला निघाले, की दारात उभं राहून मत मागायचेच नाहीत. "का हो गुरु, बाबा के घुटना कइसन हौ?" अशी आजोबांच्या गुडघ्याची चौकशी व्हायची, पाणी मागून प्यायचे, आणि पुढच्या दाराला. मागून येणारे कार्यकर्ते कपाळावर हात मारायचे. चिन्ह सांगायचं राहूनच जायचं.

माझे वडील शाळेत मास्तर, आणि काकांचे जिवलग. प्रचारात त्यांना रस नव्हता, पण मतदानाच्या दिवशी काकांचे पोलिंग एजंट म्हणून ते सकाळी केंद्रात जाऊन बसायचे ते पेटी, पुढे मशीन, सीलबंद होईपर्यंत उठायचे नाहीत. आणि तोवर अन्न घ्यायचे नाहीत. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. आई डबा पाठवायची, तो तसाच परत यायचा. चार निवडणुका त्यांनी अशा उपाशी काढल्या. काका चिडायचे. "मास्तर, तू जेवलास तर माझी मतं कमी होतात का रे?" वडील म्हणायचे, "होत नसतील. पण मला घास उतरत नाही, त्याला मी काय करू?"

निवडून आल्यावर काका लखनौला जायचे ते दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून, लोकांचे अर्ज जुन्या उपरण्यात बांधून. विधानसभेत फार बोलले नसावेत. बोलण्यापेक्षा त्यांचा भर जेवायला घालण्यावर होता. आमच्या गल्लीतलं सीवर, म्हणजे सांडपाण्याचं गटार, तुंबलं होतं आणि कागद नुसते इकडून तिकडे फिरत होते. काकांनी त्या खात्याच्या इंजिनिअरसाहेबांना आग्रहाने घरी जेवायला बोलावलं आणि पान मांडलं ओट्यावर, तुंबलेल्या सीवरच्या अगदी समोर. काकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. "घ्या साहेब, संकोच करू नका, आम्ही रोज इथेच जेवतो," असं काका म्हणत होते आणि साहेबांना घास घेववत नव्हता. त्याच आठवड्यात खोदकाम सुरू झालं. काकू मात्र पुढे कितीतरी दिवस हळहळत होत्या, की चांगल्या तुपातल्या पोळ्या त्या मेल्याने टाकल्या.

आणि पडले की? पडले की दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक गल्लीत जाऊन हात जोडायचे, जो निवडून आला त्याच्या घरीसुद्धा. तिसऱ्या दिवशी होडीत बसून रामनगरला वांगी आणायला. ही मोठी, काळी, तिथली नावाजलेली वांगी. एकदा मीही सोबत होतो. म्हणाले, "इथे माझा मतदारसंघ नाही. वांगीवाला मला ओळखत नाही, भाव कमी करत नाही. फार बरं वाटतं बघ." मग काकू भरीत करायच्या आणि आम्हा सगळ्यांना बोलावणं यायचं. वाढता वाढता म्हणायच्या, "आमदारकी गेली, की हे घरात सापडतात. जिंकले, की गॅसचं सिलिंडरसुद्धा मलाच आणावं लागतं."

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. टाळून किती टाळणार?

काकांची दुसरी आमदारकी चालू होती तेव्हा माझी बँकेने लांब बदली केली. वडील तेव्हा आजारी होते. काका ज्याच्या-त्याच्यासाठी चिठ्ठ्या लिहायचे, विरोधात काम केलेल्यांसाठीसुद्धा. मला वाटलं, आपलं काम तर घरचंच. मी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि साफ नाही म्हणाले. "बबन, तुझ्यासाठी शब्द टाकला, तर मास्तर इतकी वर्षं उपाशी बसला ती त्याची मजुरी ठरेल. लोक म्हणोत न म्हणोत, मला तसं वाटेल." मी उठलो. पुढच्याच माघात वडील गेले, तेव्हा मी गाडीत होतो. शेवटचं पाणी त्यांच्या तोंडात घातलं ते काकांनी. लोक म्हणत होते, विधायकजी होते म्हणून निभावलं. मला ते ऐकवत नव्हतं. ह्या माणसाने चिठ्ठीच्या दोन ओळी लिहिल्या असत्या, तर माझ्या हाताने पाणी गेलं असतं, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला काका स्वतः म्हणाले, "ब्राह्मण म्हणून दर साली मी बसणार. दुसऱ्या कोणाला क्षण द्यायचा नाही." क्षण देणं म्हणजे श्राद्धाच्या जेवणाचं आमंत्रण. एकदा ते घेतलं, की ब्राह्मणाने मोडायचं नाही, आणि तो जेवल्याशिवाय घरच्यांनी तोंडात घास घालायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. आमदार असतानाही ते न चुकता आले. सोवळं नेसून पाटावर बसायचे, आईच्या हातची आमसुलाची चटणी मागून घ्यायचे. मी वाढायचो, पण मोकळेपणाने बोलायचो नाही. बदली संपून मी घरी परतलो तरी अढी तशीच राहिली.

मग त्यांची पाचवी निवडणूक आली. शेवटची, हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. तारखा लागल्या आणि मी पंचांग उघडून बघतो तो काय, मतदान आणि वडिलांची तिथी एकाच दिवशी! क्षण तर मी संक्रांतीलाच देऊन आलो होतो. आता खरं म्हणजे अडचण काहीच नव्हती. ब्राह्मण नसेल तर दर्भाचा बटू पाटावर मांडून श्राद्ध करता येतं, हे काशीत पोरालाही ठाऊक असतं. मी जाऊन एवढंच म्हणायचं होतं, "काका, यंदा येऊ नका. आम्ही दर्भ मांडतो." मी गेलो नाही. लाज वाटते, पण लिहितो. मनात म्हटलं, बघू तर खरं, ह्यांना मास्तर मोठे की मतं मोठी.

त्या दिवशी दुपार कलायला लागली तरी काका आले नाहीत. आई सोवळ्यात ताटकळली होती, माझी बायको आणि आमच्याकडेच राहणारी चुलत वहिनी उपाशी, आणि मी आतल्या आत खूश होतो म्हटलं तरी चालेल. हे माझ्यापुढे हरले, असं वाटत होतं. आणि तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. घामाने निथळलेले काका. "उशीर झाला रे. वाटेत चार जणांनी धरलं." विहिरीवर अंघोळ केली, सोवळं नेसले आणि पाटावर बसले. फोन बाहेर कोनाड्यात ठेवला होता तो सारखा वाजत होता. त्यांनी एकदाही तिकडे पाहिलं नाही. शांतपणे जेवले. आमसुलाची चटणीही मागून घेतली.

फोन कशासाठी वाजत होता ते दुसऱ्या दिवशी कळलं. घाटाजवळच्या मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, वस्तीत मशीन बिघडलं होतं. असं पूर्वीही व्हायचं. तेव्हा काका जाऊन रांगेबाहेर बसायचे, गप्पा मारायचे, आणि मशीन दुरुस्त होईपर्यंत रांग हलायची नाही. ती वस्ती पूर्ण त्यांची. ह्या खेपेला ते आमच्या पाटावर होते. बायाबापड्या उन्हात उभ्या राहून कंटाळल्या, घरी गेल्या, त्यातल्या बऱ्याच परत आल्याच नाहीत. काका पडले ते दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी. फेरमोजणीतही तेवढ्याच.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते हात जोडत आमच्या दारातही आले. मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. आईने निरोप दिला, बबन बाहेर गेलाय.

हे मनात घेऊन मी पाच वर्षं त्यांच्यासमोर वावरलो. श्राद्धाला ते येत राहिले. त्यांच्या कार्यकर्त्यांनी मला कधी बोल लावला नाही, त्यामुळे तर जास्तच जड जायचं. मग गेल्या थंडीत त्यांनी अंथरूण धरलं. काकू म्हणाल्या, "येऊन जा रे, विचारतात." मी गेलो. खिडकीशी खाट, अंगावर शाल, आवाज अगदी बारीक झालेला. काकू चहा करायला गेल्या आणि मी एका दमात सगळं ओकलो. चिठ्ठीचा राग, पंचांग, दर्भ, सगळं. "काका, मी तुम्हाला मुद्दाम अडकवलं. तुमची शेवटची निवडणूक मी घालवली."

त्यांनी शाल छातीशी ओढून घेतली. मग म्हणाले, "अरे वेड्या, तुझ्या आईने त्या दिवशी सकाळीच निरोप धाडला होता. येऊ नका, दर्भ मांडते, म्हणून. मीच उलट कळवलं, येतोय, थांबा."

मी आईला हे कधी विचारलंच नव्हतं, आणि तिने सांगितलं नव्हतं.

"मग तुम्ही आलात कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच.

"चार वेळा उपाशी बसला तो माझ्यासाठी. त्या दिवशी मी जेवलो नसतो, तर तोही उपाशी राहिला असता. पाचव्यांदा," काका म्हणाले. "दर्भ काय जेवतो का रे?"

मला रडू आवरेना. चाळिशी उलटलेला बाप्या मी, त्यांच्या खाटेच्या पट्टीवर डोकं ठेवून हमसून रडलो. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळाने जरा बिचकतच त्यांनी विचारलं, "बबन, एक विचारू? तुम्ही घरातल्यांनी मत दिलं होतंत ना मला?"

कोणाला मत दिलं हे ह्या माणसाने जन्मात कोणाला विचारलं नव्हतं. आता खोटं बोलणं सोपं होतं. पण खोटं बोलायचं त्राणच माझ्यात उरलं नव्हतं.

"नाही दिलं, काका. राग म्हणून नाही. तुमचं जेवण झालं, मग पिंड गंगेत सोडून आलो, मग आम्ही जेवलो. चौघं धावत गेलो, पण फाटक बंद झालं होतं. आईला तर मी हाताला धरून ओढत नेलं होतं."

काका उठून बसायचा प्रयत्न करू लागले. मी खांद्याला आधार दिला. त्यांचा चेहरा एकदम पडला होता. निवडणूक हरल्याच्या कोणत्याही सकाळी मी तो तसा पाहिला नव्हता.

"म्हणजे मी उशिरा आलो म्हणून," ते म्हणाले. "माझ्यापायी तुझी आई उपाशीपोटी ताटकळली, आणि तिचं मतही गेलं."

मी म्हणालो, "अहो काका, तसं नाही—"

त्यांनी ऐकलं नाही. शालीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि माझ्यापुढे जोडले. "आईला सांग, चूक झाली. माफी असावी म्हणावं."

आठवड्याभरात ते गेले. आईला मी निरोप सांगितला, त्यांनी हात जोडले तेही सांगितलं. ती देवासमोर वाती वळत होती. तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "आणि तू ते हात तसेच जोडू दिलेस?"