पाहणीत शेजारी बसलेली आई

माझ्या पीएच.डी.चा निष्कर्ष एका वाक्यात मावतो. ज्या सुनेच्या सासरच्या गावात तिच्या माहेरची आणखी एखादी बाई नांदत असते, ती सून आजारी पडली की दवाखान्यात लवकर जाते. या वाक्यावर मला प्राध्यापकाची नोकरी लागली, ते पाठ्यपुस्तकात गेलं, आणि अजूनही वर्गात ते सांगताना माझी मान जरा ताठ होते.

त्यामुळे मागच्या वर्षी माझीच एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, मला तुमची पाहणी त्याच गावांत पुन्हा करून बघायची आहे," तेव्हा मी वरवर शाबासकी दिली आणि आतून चडफडले. पोरगी उचगावची, बोलायला फटकळ, संख्याशास्त्रात पक्की. तिची रीत बेझियन. म्हणजे एखादा निष्कर्ष खरा की खोटा असा एका फटक्यात निकाल द्यायचा नाही. आधी आपला त्याच्यावर किती विश्वास आहे ते कागदावर लिहायचं, मग नवी माहिती हातात घ्यायची, आणि तिच्यामुळं तो विश्वास कुठे किती सरकला ते बघायचं.

शाहूवाडी तालुक्यातल्या त्याच गावांतून ती फॉर्म भरून घेऊन आली. गठ्ठा उघडण्याआधी तिनं माझ्यापुढं कोरा कागद ठेवला. "लिहा मॅडम. तुमच्या जुन्या पाहणीवर शंभरातला किती विश्वास ठेवायचा? त्यावरनं मी तिला वजन देणार. आत्ताच लिहा, निकाल बघितल्यावर सगळेच शहाणे होतात."

मी झोकात नव्वद लिहिलं. पेन खाली ठेवलं आणि मला आई आठवली.

पीएच.डी.च्या पाहणीच्या वेळी माझं लग्न व्हायचं होतं. एकटीनं डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर फिरायचं घरी कुणाला पटेना, म्हणून आई सोबत यायची. तिचं माहेर त्याच भागातलं. उंबऱ्यातच ती विचारायची, "म्हायार कुठलं गं बाई तुझं? हितं तुझ्या गावची आणि कोन हाय?" कुणी आहे म्हटलं की तिचा चेहरा फुलायचा. मग मी दवाखान्याचा प्रश्न काढायच्या आत तीच म्हणायची, "तिनं नेलंच असंल की तुला लगीच! व्हय न्हवं?" समोरची बाई पदर सावरत म्हणायची, "व्हय की, मावशी." मी फॉर्मवर खूण करायची. जिच्या माहेरचं कुणी नसे, तिच्या पाठीवरून आई नुसता हात फिरवायची.

मला ते कळत नव्हतं असं नाही. दोन-चार घरांतच कळलं होतं. पण माझ्यापुढं मुक्या बसणाऱ्या बायका तिच्यापुढं बोलत होत्या, आणि खरं सांगायचं तर मला हवं तेच उत्तर येत होतं.

मी नव्वद खोडलं आणि चाळीस लिहिलं. का खोडलं, तेही विद्यार्थिनीला सांगितलं. ती हसली नाही की रागावलीही नाही.

"हे तुमच्या प्रबंधात कुठं आहे?"

"कुठंच नाही."

"मग आता लिहावं लागेल, मॅडम."

आई आता पंच्याऐंशीची आहे. प्रबंधाची बांधीव प्रत तिनं शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात टीव्हीशेजारी ठेवली आहे आणि ती रोज पुसते. 'आपलं पुस्तक' म्हणते. मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही.

गठ्ठा उघडला. माहेरच्या बाईचा उपयोग नव्या पाहणीतही दिसत होता, पण माझ्या प्रबंधात होता त्याच्यापेक्षा फारच थोडा. विद्यार्थिनीनं दुसऱ्या दिवशी आकडे नीट मांडून दाखवले. माझ्या वाक्याचा काटा 'हो'कडे जरासा झुकलेला होता, एवढंच.

संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती. मी शेजारी बसले.

"आई, आपल्या पाहणीत तू बायकांच्या तोंडात उत्तरं घालायचीस."

"घालायची की. तुला पायजे हुती न्हवं?"

"मला खरी पाहिजे होती!" माझा आवाज चढला. तो चढवायचा मला काय हक्क होता, कोण जाणे.

आई पानं खुडत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "तुझ्या पाठचं पोटात हुतं तवा मला आठ दिस ताप हुता. ह्या पेठंत माझ्या म्हायारचं कुणी न्हवतं. सासूला सांगाय भ्याले. पोर गेलं, मग दवाखाना." तिनं जुडी बाजूला सारली. "त्या बायकास्नी बघितलं की वाटायचं, हिला तरी कुणी नेलं असंल."

पाठचं मूल गेल्याचं मला माहीत होतं. तापाचं नव्हतं. एवढ्या गावांतल्या बायकांना मी विचारत फिरले, आणि शेजारी बसलेल्या बाईला विचारायचं मला सुचलं नाही. मला रडू आवरेना. आईनं मेथीचा हात लुगड्याला पुसला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

"आता काय निघालं म्हणतीस?" तिनं विचारलं.

"थोडं निघालं. आपण म्हणालो होतो तेवढं नाही."

"थोडं का हुईना, निघालं की. जा, लिव्ह. मी घातली उत्तरं म्हणून लिव्ह. तुझ्यावर याय नको."

"खुणा मी केल्या, आई. दोघींचंही लिहीन."

तसंच लिहिलं. मूळ पाहणीत संशोधिकेची आई शेजारी बसून उत्तरं सुचवत होती आणि संशोधिकेला ते ठाऊक होतं, म्हणून जुन्या माहितीला कमी वजन दिलं आहे, असं आमच्या लेखात स्पष्ट आहे. आईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

मग मी पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला आणि तिच्यासमोर बसले. या खेपेला सुचवायला शेजारी कुणी नव्हतं.

"सासरी तुमच्या माहेरची कुणी बाई होती?"

"न्हाय."

"आजारी पडलात तेव्हा कुणाला सांगितलंत?"

मी उत्तर सुचवलं नाही.

"परवा," ती म्हणाली, "तुला."

मी ते तसंच लिहून घेतलं.