चावी कोणी दिली

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी उभी राहिली तेव्हा सोळा घरांत मिळून चार स्कूटर होत्या. आता चौदा गाड्या आहेत आणि जागा तेवढीच. त्यामुळे गाड्या एकामागे एक लावाव्या लागतात. आतल्याला बाहेर पडायचं असेल तर बाहेरच्याने आधी आपली गाडी गेटबाहेर गल्लीत न्यायची, आतली जाऊ द्यायची आणि मग पुन्हा आत यायचं. या काढ-घालीवरून इतकी भांडणं व्हायची की मी सेक्रेटरी झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर वॉचमनच्या केबिनमध्ये चाव्यांचा बोर्ड लावला. प्रत्येक गाडीची एक जादा चावी त्यावर टांगलेली, खाली घराचा नंबर. ज्याला घाई असेल त्याने समोरची गाडी स्वतः काढावी, लोकांची दारं ठोठावू नयेत. ठराव एकमताने पास झाला. आमच्याकडे एकमताने पास झालेला तो एकमेव ठराव असावा.

पण दुसऱ्याच्या गाडीला हात लावायची निम्म्या लोकांना भीती, आणि वॉचमनला गाडी येत नव्हती. हळूहळू हे काम दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडे गेलं. पंधराव्या वर्षी तो कंपाउंडातच बापाच्या शेजारी बसून शिकला होता. हात एकदम साफ. खांब आणि पाण्याची टाकी यांच्या मधून अशी गाडी काढायचा की बघत राहावं. सगळी बिल्डिंग त्याला हाका मारायची, आणि मी सगळ्यात जास्त, कारण माझे गुडघे गेलेले आणि माझी गाडी गेटजवळ, म्हणजे सगळ्यांच्या वाटेत. त्याला लायसन्स नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं. ‘इथल्या इथे तर चालवतो’ असं आम्ही म्हणायचो, आणि गेटबाहेरची गल्ली इथल्या इथेच आहे असं धरून चालायचो. मी तसा नियमांचा माणूस. जिन्यात चपला ठेवल्या म्हणून लोकांना नोटिसा दिल्या आहेत, वाईटपणा घेतला आहे. या मुलाचं मात्र सत्यनारायणाच्या पूजेला मी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं.

तो सतरा वर्षांचा असताना, बारावीचा एक पेपर बाकी असताना, धुळवडीच्या दुपारी हे घडलं.

मी पहिल्या मजल्यावर राहतो. दीड वाजला असेल. बायको आदल्या दिवशीची कटाची आमटी गरम करत होती. खाली तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ बायको-मुलांना घेऊन गाडीशी उभे होते, त्यांना बोरिवलीला सासुरवाडीला जायचं होतं, आणि माझी गाडी त्यांच्या आड. त्यांनी वर बघून हात केला. आंघोळ झालेली, रंगात कोण उतरणार? मी खिडकीतून त्या मुलाला हाक मारली. तो आणि त्याचे दोन मित्र गच्चीवरून नुकतेच खाली आले होते, डोक्यापासून पायापर्यंत जांभळे.

“अरे, माझी गाडी काढ जरा.”

“काढतो काका.” आवाज जड होता. चालताना त्याने खांबाला हात लावला.

“काय रे, भांग घेतलीस की काय?”

“नाही ना काका. थोडीशी बिअर.”

मी हसलो. तिसऱ्या मजल्यावरचेही हसले. “हळू काढ मग,” मी म्हणालो.

तो केबिनमध्ये गेला, माझी चावी घेतली, गाडी झकास बाहेर काढली. कुठे घासली नाही, काही नाही. दोघे मित्र धावत जाऊन आत बसले. बोरिवलीवाले निघून गेले. माझी गाडी परत आत यायची होती, ती आली नाही; गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली. राउंड मारायला गेले असतील, असं मी मनाशी म्हणालो आणि पानावर जाऊन बसलो. माझा दुसरा भात होईपर्यंत मुख्य रस्त्यावरच्या बसस्टॉपवर माझ्या गाडीखाली सापडून एक बाई मेली होती.

आमच्या मागच्या चाळीत राहणारी बाई. हॉस्पिटलात आया होती, दुपारपाळीला निघाली होती. तिन्ही मुलांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

पोलीस यायच्या आधी आमचे चेअरमन आले. दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, “हे बघा, गाडी तुमच्या नावावर. अल्पवयीन मुलाच्या हातात तुम्ही दिलीत म्हणालात, तर तुमच्यावर गुन्हा. तुम्हाला माहीतच नव्हतं म्हणालात, तर सुटलात. आणि बोर्ड सोसायटीचा आहे, म्हणजे तुमच्याबरोबर आम्ही सगळे आलो. चावी तिथे होती, त्याने न विचारता उचलली. बस. जास्ती बोलायचं नाही.”

“पण तिसऱ्या मजल्यावरच्यांनी ऐकलंय.”

“त्यांच्याशी बोललोय मी फोनवर. त्यांनी काही ऐकलेलं नाही.”

अर्ध्या तासाने हवालदाराने माझा जबाब लिहून घेतला. चावी बोर्डवर होती, मुलाने मला न विचारता नेली. त्याने वाचून दाखवला तेव्हा तो माझ्याच अक्षरातल्या नोटिशीसारखा स्वच्छ वाटला. खोटं बोललो असं त्या क्षणी वाटलंसुद्धा नाही. सुटल्यासारखं वाटलं. माणूस किती पटकन स्वतःला सोडवून घेतो हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं, आणि कळून काही उपयोग झाला नाही.

संध्याकाळी मुलाचे वडील आले. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, आमच्याच बिल्डिंगमध्ये लग्न करून संसार थाटलेला माणूस. दारातच हात जोडून उभा राहिला. “काका, माफ करा. आमच्या मुलाने तुमची गाडी चोरली. इतक्या थराला जाईल असं वाटलं नव्हतं.” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असू दे, असू दे म्हणालो. मी त्याची माफी घेतली! हे लिहिताना मला माझी किळस येते, पण तेव्हा मी ती घेतली आणि त्याला पाणीही विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीतली माणसं आमच्या गेटसमोर येऊन उभी राहिली. घोषणा नाहीत, दगड नाही, शिवी नाही. नुसती उभी. बायका पुढे, पुरुष मागे. चेअरमननी गेटला आतून कुलूप घातलं आणि दोन दिवस ते काढलं नाही. दूध गजांतून घ्यायचं, भाजी गजांतून. कुणाची गाडी हलली नाही. ग्रुपवर आधी हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, मग ‘कुणीही बाहेरच्यांशी बोलू नये’ असा मेसेज आला, मग बोर्ड काढून टाकल्याचं कळलं. जो तो म्हणायला लागला, आम्ही आमची चावी कधी त्याला दिलीच नव्हती. ज्यांच्या गाड्या तो दिवसातून दोनदा काढायचा, त्या घरांतून हे ऐकू येत होतं. तीन दिवसांत तो मुलगा सगळ्यांच्या आठवणीत लहानपणापासूनच वाया गेलेला ठरला.

मला घरात बसवेना आणि बाहेर जाववेना. खिडकीत उभं राहिलं तर समोर ती माणसं. जिन्यात गेलं तर लोक माझी विचारपूस करायचे. गाडी जप्त झाली, तुमचं किती वाईट झालं, असं. मी त्यांच्या लेखी नुकसान झालेला माणूस होतो.

मुलाला सुधारगृहात ठेवलं होतं. काही आठवड्यांनी जामिनावर घरी आला. शेवटचा पेपर बुडाला. एका दुपारी दूध आणायला उतरलो तर तो जिन्यात समोर. भिंतीला चिकटून त्याने मला वाट दिली. अंगावरचं मांस उतरलं होतं. मी आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, “तू सांगितलं नाहीस? मी हाक मारली होती ते?”

“सांगून काय होणार काका?” तो खाली बघत म्हणाला. “प्यायलो मीच होतो ना. आणि राउंड मारायला तुम्ही नव्हतं सांगितलं.”

“पण घरी चोर म्हणतात तुला.”

“ते तर त्या बाईंच्या जिवापुढे काहीच नाही.”

सतराव्या वर्षी त्याला जे मोजता येत होतं ते मला येत नव्हतं. मला तिथल्या तिथे त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. मी दूध आणायला गेलो.

मे महिना संपत आला असताना त्या बाईचा नवरा माझ्याकडे आला. एकटाच. मालवणकडचा, वडील गिरणीत होते, हा एका कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं लावतो. खुर्ची पुढे केली तर काठावर बसला. बायकोने पाणी दिलं, ते सगळं प्यायला आणि ग्लास दोन्ही हातांत धरून ठेवला.

“गाडी तुमची,” तो म्हणाला, “म्हणान इलंय. भांडूक नाय इलंय. माका फक्त येवढाच सांगा, त्येका गाडी दिल्यान कोणी?”

खरं माझ्या ओठांशी आलं होतं. खरंच आलं होतं. मी म्हणालो, “चावी बोर्डवर होती.”

त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग मान हलवली, ग्लास टीपॉयवर ठेवला, उठला आणि गेला. चपला घालताना त्याने भिंतीचा आधार घेतला नाही, एका पायावर तोल सांभाळत घातल्या.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

“मी ऐकलं होतं,” ती म्हणाली. “हाक पण ऐकली आणि त्याने बिअर म्हटलेलं पण ऐकलं. तुम्ही हसलात ते पण.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून.”

मी चिडलो. खोटं कशाला सांगू, मी तिच्यावर ओरडलो, की तुला काय जातंय, या वयात मला आत घालायचंय का, गुडघ्यांनी खाली बसता येत नाही मला. ती ऐकून घेत राहिली. नंतर तिने कुकर लावला. जेवताना मला वाढलं मात्र नेहमीसारखं.

सकाळी मी पोलीस स्टेशनला गेलो. बाहेर माझी गाडी उभी होती, बॉनेट चेपलेलं, काचेवर धुळीचा थर. तिच्याकडे न बघता आत गेलो. जबाबात बदल करायचा आहे म्हटल्यावर साहेबांनी मला आधी नीट न्याहाळलं.

“काका, पहिला जबाब तुमच्या फायद्याचा आहे. घरी जा. पोराचं जे व्हायचं ते होणारच आहे, तुमच्या सांगण्याने त्याची दारू उतरणार नाही.”

“तो प्यायलाय हे मला माहीत होतं,” मी म्हणालो. “त्याने सांगितलं होतं. तरी मी त्याला गाडी काढायला लावली. लिहा.”

त्यांनी पुरवणी जबाब लिहून घेतला. वकील बघा म्हणाले, बोलावू तेव्हा यावं लागेल, गाव सोडू नका. माझं कुठलं गाव आणि मी कुठे जाणार.

तिथून मी चाळीत गेलो. तो माणूस नळावरून बादली घेऊन येत होता. मी पॅसेजमध्येच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने बादली खाली ठेवली नाही. “ता माका कालच कळला,” तो म्हणाला, आणि आत गेला. मी थोडा वेळ थांबलो. त्याने मला काही विचारलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं, आणि मला बरं वाटावं अशी त्याची काही इच्छा दिसली नाही.

चेअरमनना फोनवर कळवलं. त्यांनी मला मूर्ख म्हटलं, मग सेक्रेटरीपद सोडा म्हटलं, मग सोसायटीचं काय होणार याची काळजी केली. मी बरं बरं म्हणत ठेवून दिला. खरं काम अजून व्हायचं होतं. दुसरा मजला चढायला मला फार वेळ लागला.

दार मुलाच्या आईने उघडलं. वडील ऑफिसला गेले होते. ती मला आत बोलवत होती, पण आत गेलो तर बसेन आणि बसलो तर बोलणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखून होतो. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. हाक मी मारली, चावी मी घ्यायला लावली, तो प्यायलाय हे मला माहीत होतं. त्याने चोरली नाही. मी पोलिसांनाही तेच सांगून आलो आहे.

आतल्या खोलीचं दार बंद होतं, त्याच्याकडे तिने एकदा बघितलं.

“दारू प्यायला, बाईचा जीव घेतला, ते त्याचं त्याला आहे,” ती सावकाश म्हणाली. “ते मी कुणाकडे मागत नाही. पण घरी आल्यापासून तो एकटा जेवतोय, काका. हे म्हणाले, चोराबरोबर मी जेवायला बसणार नाही. मी दोनदा पानं घेते. आधी ह्यांचं, मग त्याचं. आणि ह्यांच्या भीतीने मीपण त्याच्याजवळ बसले नाही, एकदासुद्धा.”

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिने मान हलवली, नको म्हणून. ती दार लावत नव्हती आणि मला जा असंही म्हणत नव्हती. मी तिथेच उभा राहिलो.