बारवेबाहेरचा दगड

आमच्या गावची पायऱ्यांची जुनी बारव रोज सकाळी गावातलेच एक आजोबा झाडतात. नगरजवळच्या नागापूरच्या कंपनीतून रिटायर होऊन आले आणि कुणी न सांगता खराटा घेऊन अनवाणी पायऱ्या उतरले. रविवारी नगरहून फोटो काढायला माणसं येतात, त्यांनाही ते चपला काढायला लावतात.

"देव न्हाई हितं. पन पायरी पायालाच कळती. ह्यो खळगा बघा. भरली घागर घिऊन चढताना पाय जड पडतो, व्हय का न्हाई?" उत्तराची वाट न बघता ते पुढच्या पायरीवर गेलेले असतात.

एकदा पाहुण्यांपुढे मीच शहाणपणा केला. म्हणालो, "सगळं गाव या पायऱ्या उतरायचं. माझी आजीसुद्धा."

खराटा थांबला.

"सगळं न्हाई, गुरुजी." आवाज जराही चढला नव्हता. वर येऊन ते बारवेबाहेरच्या एका साध्या दगडाशी थांबले. "आमच्या लोकांना खाली उतरायची बंदी हुती. आमची आय हितं हुभी ऱ्हायची, रिकामी घागर घिऊन. कुनी वरून वतलं तर पानी. तुमची आजी कधी वतायची. कधी घाईत असायची."

पाहुण्यांनी त्या दगडाचा फोटो काढला नाही.

ते पुन्हा खाली गेले, तांब्या भरून आणला आणि त्या दगडावर सावकाश ओतला. रोज सकाळी तो एकच दगड ओला का दिसतो, हे मी कधी त्यांना विचारलंच नव्हतं.