दुसऱ्या बाटलीतला श्वास

हातात काचेची बाटली, तोंड वाऱ्याकडे, श्वास कोंडलेला. मागून कोंडाबाई विचारत होती, "सायेब, औंदा पाऊस हाय का न्हाई? गाय ठिवू का इकू?"

मला बोलता येत नव्हतं. कामच तसं होतं. उमापूरजवळच्या टेकाडावर दर आठवड्याला, पडताळ्यासाठी जोडीने, दोन बाटल्या हवा भरायची आणि पुण्याच्या लॅबला पाठवायची. बाटली आतून निर्वात केलेली असे. तोटी उघडली की हवा आपोआप आत शिरे. तशाच बाटल्या दक्षिण गोलार्धातल्या एका बेटावरही भरत. कारखाने, गाड्या बहुतेक विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून कार्बन डायऑक्साइड आपल्याकडे थोडा जास्त. तो दक्षिणेत मिसळायला साधारण वर्ष लागतं. हा फरक इतका बारीक, की माणसाच्या एका श्वासाने पुसला जावा. म्हणून बाटली भरताना श्वास रोखायचा.

त्या दुष्काळात सहकारी साखर कारखान्याने टेकाडाच्या पूर्वेला जनावरांची छावणी उघडली होती. तिथल्या विहिरीला तेवढं पाणी होतं. सकाळी घुंगरांचा आवाज वर यायचा. खाली उतरलो की छावणीत राहणारी कोंडाबाई बिनदुधाचा चहा द्यायची. तिची हरणी गाय माझी पिशवी हुंगायची. तसा चहा पुन्हा कुठे मिळाला नाही.

मी गप्पच आहे असं पाहून ती शेजारणीला म्हणाली, "बघ की गं! आमाला प्याया पाणी न्हाई, अन् सायबानं गुळणी धरलीय!"

मला हसू फुटलं. हसत मागे वळलो. दुसऱ्या बाटलीची तोटी उघडीच होती.

पंधरा दिवसांनी पुण्याहून लॅबच्या साहेबांचा फोन आला.

"जोडी जुळत नाही. दुसऱ्या बाटलीचा आकडा फार वर आहे. श्वास गेला का?"

मी टेम्पररी होतो. "नाही सर. खाली छावणी आहे. चुलींचा धूर असेल."

"वारा कुठला होता?"

वारा पश्चिमेचा होता. "पूर्वेचा," मी म्हणालो, आणि रजिस्टरमध्ये तसंच केलं.

पुढचे नमुने बिघडू नयेत म्हणून छावणी हलवावी, असं साहेबांनी वर लिहिलं. कारखान्याचे चेअरमन मला म्हणाले, "हवेपायी जनावरं हलवायची? लई झालं बे! पण सरकारी कागद हाय."

आठ दिवसांत छावणी चकलांब्याच्या पुढे गेली. तिथे विहीर नव्हती. टँकर येईल तेव्हा पाणी. हरणी वाटेतच बसली. उठली नाही.

"सायेब, आमच्या चुलीनं तुमचं काय बिघडलं व्हतं?" कोंडाबाईने विचारलं.

तेव्हा माझ्या हातात बाटली नव्हती. तरी मी गप्प राहिलो.

पुढे कळलं, जोडी जुळली नाही की दोन्ही बाटल्या बाद, कारण काही असो, असा लॅबचा नियमच होता. श्वास गेला म्हणालो असतो, तर दोन बाटल्याच गेल्या असत्या.

रजिस्टरमध्ये त्या दिवसापुढे अजून 'वारा पूर्वेचा, चुलींचा धूर' असंच आहे. तिथे असं वाचावं : वारा पश्चिमेचा. निरीक्षक हसला.