आपल्या पुढची पिशवी

अन्याय झाला तो बिड्या वळून पोट भरणाऱ्या एका बाईवर. गेल्या महायुद्धाच्या पाचव्या वर्षी, नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी, नगरच्या दाळमंडईजवळच्या एका दुकानाच्या फळ्या निघाल्या त्या क्षणी झाला. दुकानाच्या दिवाणजींनी तिची पिशवी उचलली आणि गटारात भिरकावली. मी चार हातांवर उभा होतो. ऐकीव सांगत नाही.

रिकामी पिशवी फेकली त्यात एवढं काय, असं ज्याला वाटेल तो कंट्रोलच्या ओळीत कधी उभा राहिलेला नाही. त्यानं जरा दमानं वाचावं.

त्या दुकानाला दोन अंगं होती. डाव्या अंगाला रोखीचा किराणा. गुळाच्या ढेपा, मिरचीची पोती, खोबऱ्याच्या वाट्या, आणि या सगळ्यावर मात करणारा हिंगाचा वास. तिकडे गिऱ्हाईक आलं की "या, बसा" व्हायचं. उजव्या अंगाला कंट्रोल, म्हणजे कार्डावरचं सरकारी धान्य. तिकडे कुणी "या" म्हणत नसे, कारण आम्ही आलेलेच असायचो. मधे गादीवर मालक. बोलणं कमी, बघणं जास्त.

आदल्या संध्याकाळी गाडीतून ज्वारीची पोती उतरताना कुणाच्या तरी नजरेला पडायची आणि सगळ्या पेठेला कळायचं. उजाडायच्या आत दुकानापुढे ओळ लागलेली. माणसांची नव्हे, पिशव्यांची. बायकांना घरी नळाचं पाणी भरायचं, चूल पेटवायची, कुणाला मंडईत टोपली मांडायची, कुणाला कारखान्यात बिड्यांच्या जुड्या पोचवायच्या. अर्धा दिवस ओळीत उभं राहायला ज्याला सवड आहे त्याच्या घरी नोकर असतो. म्हणून यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. पिशवी ठेवायची आणि कामाला जायचं. पिशवी म्हणजे माणूस. तिला कुणी पाय लावायचा नाही, तिला ओलांडायचं नाही.

हे कुणी ठरवलं? कुठल्या सभेत? मी पुष्कळ विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हा कायदा शिकवला भाजी विकणाऱ्या एका म्हातारीनं. माळीवाड्याकडून यायची. कपाळावर मोठं गोंदण, आवाज असा की वेशीतून हाक मारली तर पार तोफखाना पेठेत ऐकू जावी. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी आणि मास्तरकी. धान्य आणायला घरचा कॉलेजात जाणारा मुलगा आलेला पाहून तिला गंमत वाटली.

"आरं, पिशवी ठिवलीस?"

"ठेवली. मोजलंही. माझा नंबर—"

"नंबर काय चाटायचा हाय? मधली एखादी बाई पिशवी घिऊन गेली, की गेला तुझा नंबर. म्होरची पिशवी बघ. कशी हाय?"

"पिठाच्या गोणीची. गिरणीचा शिक्का उलटा आलाय."

"आता इसरू नगं. तुझ्या म्होरं उलटा शिक्का. यवढंच. बाकीच्या वळीशी तुला काय करायचंय?"

एवढाच कायदा. आपला नंबर नव्हे, आपल्या पुढचं माणूस लक्षात ठेवायचं. मी तोवर समतेवर बरीच पत्रकं वाटली होती, दोन स्वतः लिहिलीही होती. इतकं थोडक्यात आमच्यापैकी कुणालाच लिहिता आलं नव्हतं.

आता त्या बिडीवाल्या बाईविषयी. घरी तेलुगू बोलणारी, बाजारात मराठी. नवरा हातमागावर विणायला. तिची पिशवी मागावर उरलेल्या तुकड्यांची, हिरव्या-तांबड्या चौकड्यांची, सगळ्या ओळीत उठून दिसायची. त्या आठवड्यात तिची लेक तिच्याकडे बाळंत झाली होती आणि घरातली ज्वारी संपली होती. हे ओळीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, कारण पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन पिशवी ठेवल्यावर मागून येणाऱ्या प्रत्येकीला ती म्हणाली होती, "बाळंतिणीला रातच्याला नुसती पेज दिली. आज भाकर पायजे." आणि जुड्यांची टोपली घेऊन कारखान्याकडे गेली होती. तिथला तपासनीस सकाळी बसतो. वेळ चुकली की माल परत. म्हणजे जुड्या द्याव्यात तर ओळ जाते, ओळीत थांबावं तर मजुरी जाते. ही पिशव्यांची रीत नसती तर तिनं करायचं काय होतं?

फळ्या निघाल्या. दिवाणजी कानाला पेन्सिल लावून बाहेर आले.

"आजपासून हा पसारा बंद. माणूस उभं असेल त्यालाच माप. पिशवीला तोंड असतं, पोट नसतं."

रोखीच्या बाजूचे दोघे-तिघे हसले.

"प्वाट घरी बसलंय की, दिवाणजी," म्हातारी म्हणाली. "तवा तापवून."

यावर आमच्याकडचे सगळे हसले आणि तिथंच दिवाणजींचं बिनसलं. त्यांनी ओळीतली पहिली पिशवी उचलली, ती हिरवी-तांबडी, आणि गटारात टाकली. श्रावणातल्या झिमझिमीनं गटार वाहत होतं. मग हमालाला सांगून बाकीच्या सगळ्या गोळा करवल्या, ओट्याच्या कोपऱ्यात ढीग घातला आणि भेळ कालवावी तसा स्वतःच्या हातानं कालवला. "आता लावा नंबर!" म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी ओट्याच्या पायरीवर चढलो. खांद्याला खादीची झोळी, झोळीत पत्रकं. "बंधू-भगिनींनो—"

"भाषान मागनं कर रं," म्हातारी खालून ओरडली. "आदी ढिगातनं पिशव्या काढ. तुझा हात पोचतोय."

मी पिशव्या काढू लागलो. एकेक वर धरायची आणि खालून आवाज यायचा.

"खणाची! ती माझ्या म्होरं."

"तुझी कोनती?"

"मिलिटरीच्या पाटलोनीचा पाय. नाडी लावलेला."

"हाय हाय, दे हिकडं. पाटलोनीच्या मागं मी."

दिवाणजींची चूक इथं झाली. त्यांना वाटलं ढीग कालवला की क्रम मोडला. वहीत नंबर घालणाऱ्या माणसाला असंच वाटणार. पण हा क्रम ओट्यावर नव्हताच, बायकांच्या डोक्यात होता, आणि कुणा एकीच्या डोक्यात सगळा नव्हता. प्रत्येकीकडे एकेकच कडी. जी घरी गेली होती तिची पिशवी तिच्या मागचीनं ओळखली. बघता बघता ओट्यापासून बोळाच्या तोंडापर्यंत ओळ पुन्हा उभी राहिली.

भांडण झालं नाही असं नाही. दोघींनी एकाच पिशवीवर हक्क सांगितला.

"बटनाची पिशवी माझ्या म्होरं हुती."

"तुझ्या म्होरं कुत्रं बसलं हुतं गं!"

"मग तू त्याच्या मागं कशी काय आलीस?"

हसण्यात ते भांडण बुडालं आणि दोघी एकमेकींना "तू हो म्होरं, तू हो" करू लागल्या. दुकानात पहाटेपासून तेवढाच काय तो शिष्टाचार मी पाहिला.

राहिली पहिली जागा. खणाच्या पिशवीपुढे हातभर जमीन मोकळी. एकीनं गटारातून हिरवी-तांबडी पिशवी काठीनं बाहेर काढली. खिळ्याला अडकून फाटली होती, चिखलानं भरली होती. धान्य घ्यायच्या लायकीची उरली नव्हती.

"दगड ठिवा," कुणी सुचवलं.

"दगूड दिवाणजी लाथाडंल. म्हनंल रस्त्यातला हाय." म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, ती कागदं काढ बरं, झोळी दे हिकडं."

मी पत्रकं काढून छातीशी धरली आणि झोळी दिली. तिनं ती झटकली, पहिल्या जागी नीट घडी घालून ठेवली.

दिवाणजी हे सगळं बघत उभे होते. आता त्यांनी ओळीत उभ्या असलेल्या माणसांवरून नजर फिरवली आणि एका वकिलांच्या घरचा आचारी हेरला. उघडा, खांद्यावर पंचा, हातात पिशवी. घरी अशील जेवायला यायचे होते आणि उशीर झाला तर त्याची धडगत नव्हती. तसं तो मघापासून सर्वांना ऐकवत होता.

"या महाराज, तुम्ही या पुढं. तुम्ही उभे आहात."

कुणी त्याला अडवलं नाही, कुणी शिवी दिली नाही. बायका नुसत्या बघत राहिल्या. आचाऱ्यानं एकदा पोत्यांकडे पाहिलं. थोडीच होती, सगळ्यांना पुरणार नाहीत हे आंधळ्यालाही दिसत होतं. मग त्यानं खाली, ओळीतल्या झोळीकडे पाहिलं.

"माझ्यापुढं माणसं आहेत, दिवाणजी," तो म्हणाला, आणि पंच्यानं तोंड पुसत, होता तिथंच उभा राहिला.

मी आयुष्यात पुढाऱ्यांची पुष्कळ भाषणं ऐकली. टाळ्या वाजवल्या. पण त्या आचाऱ्याच्या वाक्याला टाळी वाजवायचं कुणाला सुचलं नाही, कारण सगळ्यांना ते साधंच वाटलं. मला अजून वाटत नाही. त्याचा संबंध काय? बाई त्याच्या जातीची नाही, गल्लीची नाही, ओळखीची नाही. उलट पुढं झाला असता तर वकिलांच्या बोलण्यातून सुटला असता.

तराजू रिकामा लटकत राहिला. दिवाणजींनी आणखी दोघांना बोलावलं. त्यांनीही तेच सांगितलं. ओळीनं बोळ भरून गेलेला, त्यामुळे रोखीच्या बाजूलाही कुणाला शिरता येईना. एक गिऱ्हाईक बाहेरूनच परत फिरलं, तेव्हा गादीवरून मालक पहिल्यांदा बोलले.

"पहिलं कोण आहे?"

"ही," म्हातारीनं झोळीकडे बोट केलं.

"माणूस कुठाय?"

"यील. जुड्या द्याया गेलीया."

मालकांनी दिवाणजींकडे पाहिलं. "थांबा मग," एवढंच म्हणाले.

दुकानानं एका बाईची वाट पाहिली. असं नगरच्या बाजारात पूर्वी झालं असेल तर मला माहीत नाही.

ती आली ती जवळजवळ पळत. हाताला तंबाखूची भुकटी, रिकामी टोपली काखेत. पहिल्या जागी आपली पिशवी नाही, कुणाची तरी झोळी आहे, हे तिला लांबूनच दिसलं. ती थबकली. टोपली या काखेतून त्या काखेत घेतली आणि ओळीच्या शेवटाकडे जायला निघाली. तिचं ते मुकाट्यानं निघणं मला त्या गटारातल्या पिशवीपेक्षा जास्त लागलं.

"अगं ए, हिकडं!" म्हातारी ओरडली. "पयली तूच. झोळी ह्या भावाची हाय, जागा तुझी हाय. कार्ड काढ!"

तिनं कार्ड काढलं. दिवाणजींनी माप घातलं. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत सगळी ओळ डोळे लावून बघत होती, म्हणून मापही चोख पडलं. ज्वारी माझ्या झोळीत गेली. मीठ घ्यायचं तिच्या लक्षात आलं, तेव्हा म्हातारीनं माझ्या छातीशी धरलेल्या पत्रकांतलं वरचं ओढून पुडा वळला. "लई दिवसांनी तुझं कागूद कामाला आलं," म्हणाली. त्यावर 'धान्य सर्वांना सारखे मिळालेच पाहिजे' असं ठळक छापलेलं होतं.

माझा नंबर यायच्या आत पोती संपली. आचाऱ्यालाही मिळालं नाही. घरी आलो तेव्हा आई दारातच होती.

"ज्वारी?"

"संपली."

"आणि झोळी?"

मी सगळं सांगितलं. "बाळंतीण आहे म्हणतोस ना," ती म्हणाली, आणि रताळी उकडायला ठेवली. सणाचा दिवस आम्ही रताळ्यांवर काढला.

पुढच्या खेपेला ओळीत त्या बाईनं मला झोळी परत दिली. धुतलेली. तिच्या बंदापाशी शिवण उसवली होती, तिथं तिनं ठिगळ लावलं होतं. फाटलेल्या पिशवीचं, हिरव्या-तांबड्या चौकड्यांचं.

"आता कुनीबी वळखंल," ती म्हणाली. "ठेव बिनघोर."

मी ठेवली आणि सभेला गेलो. परत आलो तेव्हा झोळी पुढं सरकलेली होती. कुणी सरकवली ते मला आजतागायत माहीत नाही.

आता राज्य आपलं आहे. कंट्रोल उठलं आणि पुन्हा आलं. ओळी राहात्याला लागतात, राजूरला लागतात, नगरला तर लागतातच. परवा एका दुकानावर मी नवा फळा पाहिला: 'रिकाम्या पिशव्या ठेवू नयेत.' खाली ओळीत नीट कपडे केलेले, शिकलेले लोक एका खाकी पिशवीला ओलांडून पुढं सरकत होते. त्यांच्यातले काही माझे मित्र आहेत. त्यांतले काही हे वाचणार आहेत.

तेव्हा तुम्हालाच सांगतो. तो फळा वाचा आणि त्याला भिऊ नका. उद्या ओळीत गेलात की आपल्या पुढची पिशवी कुणाची आहे ते विचारून घ्या. दुकानदार तुम्हाला "या, तुम्ही उभे आहात" म्हणेल. तुमचा कोट बघून तर नक्कीच म्हणेल. त्या वेळी जागचे हलू नका. माझ्यापुढं माणूस आहे, असं मोठ्यानं सांगा, आणि ते माणूस येईपर्यंत माप घेऊ नका.