सुईवाले काका कुत्र्याशीच बोलत

सुईवाले काका कुत्र्यांच्या मालकांशी कधी बोललेच नाहीत. जे सांगायचं ते कुत्र्याला. सरकारी जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हिंदी मुलखातल्या खमरियात आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्सजवळ एका खोलीत दवाखाना थाटला होता. आमचं पिल्लू, भुरू, पहिल्यांदा टेबलावर ठेवलं तेव्हा काका त्याला म्हणाले, "भुरूजी, तुमचे साहेब काहून थरथरून राहिले? सुई तर तुम्हाला आहे." मी डोळे मिटूनच हसलो. सुई दिसली की माझे पाय लटपटतात, हे बायकोलाही लग्नानंतरच कळलं.

काकांचा एक हट्ट होता. "भुरूजी, तिन्ही इंजेक्शनं होईस्तोवर तुमचा पाय रस्त्याला लागायला नको. साहेबांना म्हणा, उचलून आणा." म्हणून फॅक्टरीत सगळ्यांवर डाफरणारा मी भाजीच्या पिशवीतून कुत्रं नेऊ लागलो. पिशवीतून दोन कान बाहेर. "भैया, आज कौन सी सब्ज़ी मिली?" हे विचारायला शेजारी फाटकात उभेच असत.

मग पलीकडच्या ब्लॉकमधलं पिल्लू पार्वोने गेलं. त्याला लस दिलीच नव्हती. आधी जुलाब, मग उलट्या, आणि बघता बघता संपलं. त्यानंतर मला पिशवीची लाज वाटेनाशी झाली. भुरूचं शेवटचं इंजेक्शन अजून बाकी होतं.

त्या इंजेक्शनच्या सकाळी, परीक्षेला निघालेल्या नातवाला द्यावं तसं, आईने भुरूला दही-साखर चाटवलं. ती वळली तेवढ्यात पठ्ठ्याने वाटी साफ केली. अर्ध्या वाटेत पिशवी ओली झाली, वास सुटला आणि मी रडतच दवाखान्यात घुसलो. "काका, पार्वो झाला हो! वाचवा!"

काकांनी ताप पाहिला, पोट दाबलं, पार्वोची तपासणीही केली. पार्वो नव्हता. "भुरूजी, सकाळी काय खाल्लं?"

"दही-साखर," मीच पुटपुटलो. "आईने... शुभ कामाला निघताना..."

काका गंभीरपणे भुरूला म्हणाले, "पोट बिघडलेल्याला आम्ही पेपरला बसवत नाही. बरे झाले की या. आणि साहेबांना जरा पाणी पाजा." मी उभ्याउभ्या अख्खा तांब्या प्यालो. पुढच्या आठवड्यात तोही पेपर पार पडला, अर्थात माझे डोळे मिटलेलेच होते.

गेल्या वर्षी काका दवाखाना बंद करून मुलीकडे नागपूरला गेले. निरोपही भुरूलाच दिला. "साहेबांना दर वर्षी सुईसाठी घेऊन जात जा, भुरूजी. विसरभोळे आहेत ते." मला काकांचा राग आला, आणि घरी आल्यावर रडूही आलं.

यंदा शहरातल्या नव्या दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टरीणबाई थेट माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, आप इसे कसके पकड़िए." भुरू माझ्याकडे बघू लागला. त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं. मला काकांची फार आठवण आली. मी वाकून त्याच्या कानात म्हणालो, "भुरूजी, दीदींना सांगा, सुई तुम्हाला असली तरी घाबरून मी राहिलो."

बाईंना मराठी कळत असावं. त्या सिरिंज भरता भरता थांबल्या आणि भुरूकडे वळल्या. "भुरूजी, साहब के लिए कुर्सी मँगवाऊँ?"