कोर्टात न बोललेला

फौजेत मी हवालदार क्लार्क होतो. आमच्या पलटणीतला, चिमूरकडचा एक शिपाई रजा संपल्यावर बावन्न दिवस उशिरा परतला. घरी आई लकव्याने पडली होती, पण रजा वाढवून द्या असा अर्ज त्याने केला नव्हता. समरी कोर्ट मार्शल ठरलं. ‘आरोपीचा मित्र’ म्हणून त्याने माझं नाव दिलं. मी त्याच भागातल्या मूल गावचा, त्याची बोली मला कळायची.

या मित्राला कोर्टापुढे बोलता येत नाही. आरोपीला हळूच सल्ला द्यायचा, एवढंच. न्याय देणारे आमचेच कमांडिंग ऑफिसर.

आदल्या दिवशी मी म्हणालो, “कबूल करून टाक, शिक्षा कमी होईल. पण मायचं सांगजो.”

“सांगतो.”

त्याने गुन्हा कबूल केला. आणखी काही म्हणायचंय का, साहेबांनी विचारलं. तो नुसता समोर बघत राहिला. मी दोनदा कुजबुजलो. आईचं सांगायचं राहूनच गेलं. बडतर्फी आणि दोन महिने कैद. दुपारच्या जेवणाआधी सगळं आटोपलं.

पेन्शनीवर आल्यावर मागच्या वर्षी मूलच्या राइस मिलमध्ये तो भेटला. पोती शिवत होता.

“भाऊ, गावात मारामारी केली तरी वकील भेटते. मले काऊन नाई भेटला?”

मी सांगितलं, फौजेत शिस्त टिकावी म्हणून सैनिकांचे काही मूलभूत हक्क कमी करायची मुभा संविधानानेच संसदेला दिली आहे. आर्मी ॲक्टला आधार त्याचाच. एक जण परतला नाही की त्याचा पहारा दुसऱ्या दमलेल्या माणसावर पडतो. हे मला आजही पटतं. तरी बोलताना थकवा आला.

“बराबर हाय,” तो म्हणाला. “माझी ड्युटी कोणी ना कोणी केलीच असन.”

आता सैनिकांसाठी न्यायाधिकरण आहे, अर्ज करू, असं मी सुचवलं.

“माय तं गेली. आता कोणाले दाखवू?”

तरीही मी अर्ज लिहिला. त्याने सही केली, बहुतेक माझं मन राखायला. इतक्या वर्षांचा उशीर काही माफ झाला नाही, अर्ज फेटाळला गेला. निकालाचा कागद घेऊन सांगायला गेलो, तेव्हा त्याने तो न वाचताच घडी करून खिशात ठेवला आणि मला बसायला एक पोतं सरकवलं.